बोर्ड स्लीपमध्ये जातंय, तरी बॅटरी महिनाभरात बसते. झेफिर या छोट्या बोर्डांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पॉवर मॅनेजमेंट ड्रायव्हर बदलावा लागेल का?

बदलावा लागेल, पण बहुतेक तुम्ही जो उघडून बसलाय तो नव्हे. प्रोसेसरच्या स्लीप स्टेटचा कोड बऱ्यापैकी घासूनपुसून आलेला असतो, त्याच्या नादाला लागू नका. करंट खातात ती आजूबाजूची डिव्हाइसं.

आमचंच सांगतो. शिरोळ भागात उसात जमिनीची ओल मोजायचं युनिट बसवायचं होतं. एसटीएम३२एल४ हा कमी वीज खाणारा मायक्रोकंट्रोलर, आरएस-४८५ या वायरवरच्या सीरियल जोडणीचा प्रोब आणि २६०० एमएएचचा एक सेल. आडसाली ऊस, म्हणजे लागण जुलैत नि तोड दीडेक वर्षानं. तेवढे तास धरा १३,०००. सरासरी २०० मायक्रोअँपच्या वर जायची सोयच नाही, सेल आपोआप उतरतो ते धरलं तर १५०च. मधे सेल बदलायचा तर उभ्या उसात घुसा, पाल्यानं हात सोलून निघतात. मीटर लावला तर झोपलेलं बोर्ड २.३ मिलिअँप ओढत होतं. या हिशोबानं दीड महिन्यात सेल गार.

उद्यमनगरात टेबलावर दोन दिवस नुसता सोर्स कोड वाचला. शेवटी वैतागून आरएस-४८५ चिपच्या सप्लाय पिनला मीटरचं टोक टेकवलं. ड्रायव्हरनं सप्लायचा स्विच बंद केलेला, आणि पिनवर २.६ व्होल्ट! युआर्ट, म्हणजे प्रोसेसरचा सीरियल पोर्ट, रिकामा असला की त्याची डेटा पाठवायची टीएक्स लाइन हाय असते. तिथून चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून वीज मागच्या दारानं शिरत होती.

मग डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डवर काय कुठं जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलीत, युआर्टला पिनकंट्रोलची (पिना कशा ठेवायच्या त्याची) स्लीप अवस्था लिहिली आणि त्यात टीएक्स अ‍ॅनालॉगला टाकली, म्हणजे त्या पिनवरून वीज बाहेर जात नाही. प्रोबचा ड्रायव्हर आमचाच होता, त्याच्या सस्पेंडमध्ये (झोपवायच्या कोडमध्ये) क्रम बांधला: शेवटचा बाइट बाहेर पडू दे, मग युआर्ट झोपव, मग स्विच बंद. रिझ्यूममध्ये (जागं करताना) उलटं, आणि स्विच चालू केल्यावर प्रोब जागा होईपर्यंत थांबायचं. ते थांबणं मी विसरलो होतो, पहिलं रीडिंग दर वेळी कचरा यायचं. आकडा ४० मायक्रोअँपवर आला. झेफिरच्या मूळ कोडची एक ओळ बदलली नाही, सगळं आमच्या बोर्डच्या फोल्डरात. झेफिरचं व्हर्जन बदललं की तुम्हीही मला आशीर्वाद द्याल.

रनटाइम पीएम, म्हणजे लागेल तेव्हाच एकेक डिव्हाइस जागं करायची सोय, वापरत असाल तर एक बघाच. डिव्हाइस 'गेट' केलं (वापरायला जागं केलं), वाचताना एरर आली आणि फंक्शन मधूनच परतलं, की 'पुट' (काम झालं, झोपव) राहून जातं. ते डिव्हाइस मग रीसेटपर्यंत झोपत नाही. टेबलावर हे दिसत नाही, कारण तिथं वायर सैल नसते.

आणि मोजताना डीबगर (कोड तपासायला बोर्डला जोडतो ते यंत्र) काढा हो. तो जोडलेला असला की स्लीपमध्येही क्लॉक चालू राहू शकतात, आकडा खोटा येतो. सीरियल कन्सोलही बंद करून बघा. मीटर आधी मिलिअँपच्या रेंजवर ठेवा. मायक्रोअँप रेंजवर रेडिओ सुरू झाला की व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होतं.

एवढं करून झोपेतला आकडा आणि डिव्हाइस ट्रीतला युआर्टचा भाग इथं टाका, बघतो.