वाचकांचे प्रश्न : तलाठी, सर्कल, प्रांत – अर्जावर नेमकं कोणाचं पदनाम घालायचं?

प्रश्न : आमच्या शेतावर भावकीतल्या एकाने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) घातला आहे. हरकत घ्यायला कुणी भाऊसाहेबांकडे जा म्हणतं, कुणी सर्कलकडे, कुणी थेट कलेक्टरकडे. ही सगळी माणसं वेगवेगळी की एकाच माणसाची नावं? (एक शेतकरी वाचक, जुन्नर तालुका)

उत्तर : वेगवेगळी, आणि तुमच्या प्रकरणात हा फरक फार मोलाचा आहे. 'भाऊसाहेब' हे पद नाही. काही गावांत तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, काही गावांत ग्रामसेवकाला. त्यामुळे आधी कागद बघा. सातबारा, फेरफार आणि 8-अ हे तलाठ्याचं दप्तर, तर घराच्या आकारणीचा नमुना 8 ग्रामपंचायतीचा. '8' आणि '8-अ' यांच्या घोळात माणसं एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात नुसत्या खेपा घालतात.

आता कागदावरची नावंही बदलली आहेत. तलाठी झाला 'ग्राम महसूल अधिकारी'. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून 2024 मध्ये 'ग्रामपंचायत अधिकारी' हे एकच पद केलं. दोन्ही नव्या नावांची सुरुवात 'ग्राम'नेच होते, त्यामुळे घोळ कमी होण्याऐवजी वाढेल असं आम्हाला वाटतं. अर्जात नवं पदनाम लिहून शेजारी 'तलाठी, सजा अमुक' (सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं) असं घातलं तर कागद चुकीच्या टेबलावर जात नाही.

सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी. त्याच्या हाताखाली काही सजे असतात. तलाठी फेरफाराची नोंद घेतो, पण ती मंजूर करत नाही. प्रमाणित करण्याचं काम मंडळ अधिकाऱ्याचं. नोंद चावडीवर लागते, संबंधितांना नमुना 9 ची नोटीस जाते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. तुमची हरकत तलाठ्याकडेच द्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 प्रमाणे ती तोंडी सांगितली तरी चालते. तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहायची असते आणि तिथल्या तिथे लेखी पोच द्यायची असते. तुम्ही मात्र लेखीच द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

थेट कलेक्टरकडे अर्ज दिला की काय होतं? तो कागद जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी असा एकेक पायरी खाली उतरत येतो. तोवर 15 दिवस उलटतात, नोंद प्रमाणित होते, आणि मग प्रांताकडे कलम 247 खाली अपील करण्यावाचून मार्ग उरत नाही. त्याची मुदत 60 दिवस.

'प्रांत' हा बोलण्यातला शब्द. कागदावर 'उपविभागीय अधिकारी' लिहायचं. जातीच्या दाखल्यावर सही याच अधिकाऱ्याची असते, उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा.

तहसीलदाराकडे अर्ज करायचा असेल तर मायना 'प्रति, मा. तहसीलदार, तहसील कार्यालय, जुन्नर, जि. पुणे' एवढाच पुरे. अधिकाऱ्याचं नाव घालू नका. बदली झाली तरी अर्ज पदाच्या नावे असल्याने चालू राहतो. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घ्या.

प्रश्न : तहसीलदार बाई असतील तर काय लिहायचं? 'तहसीलदारीण' बरं दिसत नाही.

उत्तर : पदनाम तेच ठेवा. 'मा. तहसीलदार' लिहा, बाईपण क्रियापदात येऊ द्या: 'तहसीलदार आल्या', 'मंडळ अधिकारी म्हणाल्या'. मराठीत '-ईण' लावलं की पुष्कळदा त्या हुद्द्याच्या माणसाची बायको असा अर्थ निघतो. पाटलीण आणि कुलकर्णीण आठवा. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका हे शब्द मात्र रुळलेले आहेत, ते तसेच वापरावेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. फॉर्मवर 'शासकीय कर्मचारी' या रकान्यात हो लिहू की नाही?

उत्तर : लोकांच्या बोलण्यात तुमची नोकरी 'सरकारी'च, पण काटेकोर अर्थाने तुम्ही जिल्हा परिषदेचे, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेचे कर्मचारी. फॉर्ममध्ये 'निमशासकीय' किंवा 'जिल्हा परिषद' असा वेगळा पर्याय असेल तर तोच निवडा. नसेल तर 'हो'पुढे जिल्हा परिषदेचं नाव लिहा, म्हणजे माहिती दडवल्याचा ठपका येत नाही. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार शासनाच्या अनुदानातून होतो, पण नेमणूक संस्थेची असते आणि सेवाशर्ती 1977 च्या वेगळ्या अधिनियमाखाली येतात.

'लोकसेवक' हा शब्द याहून रुंद आहे. भारतीय न्याय संहितेच्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणाच्या सेवेतला माणूसही येतो, म्हणजे तुम्हीही.

प्रश्न : गोव्यातल्या नातेवाइकांच्या कागदावर 'मामलेदार' आहे. हे जुनं पद ना?

उत्तर : महाराष्ट्रात जुनं, गोव्यात आजचं. तिथे तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याचं चालू पदनाम मामलेदार हेच आहे. आपल्याकडे त्या जागी तहसीलदार आला. 'तहसील' म्हणजे वसुली; ती करणारा तो तहसीलदार. गोव्यातल्या कार्यालयाला अर्ज करताना मामलेदारच लिहा.