‘दहा-दहा वेळा लिहून घेते, तरी स्पेलिंग चुकतंच’

पाचवीतल्या मुलाला घेऊन आलेल्या आईने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, “मॅडम, याला डिस्लेक्सिया तर नाही ना?” रात्री पाठ केलेलं स्पेलिंग सकाळी चुकतं, मराठी मात्र घडाघडा वाचतो.

डिस्लेक्सिया म्हणजे वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण. त्याचं निदान मी बाजूला ठेवलं (त्याची रीतसर तपासणी असते, तासाभराच्या गप्पांत ते ठरत नाही) आणि वही मागितली. ‘रिमेंबर’चं त्याने आर-ई-एम-बी-ई-आर केलं होतं. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, मधलं गायब. पुढची पानं चाळली तर बहुतेक लांब शब्दांचं पोटच गळालेलं.

“पाठ कसं करतोस?”

तो पाढे म्हणावेत तसा सुरू झाला, आर ई एम ई एम बी... आठ अक्षरं एका दमात. त्यातली दोन निसटली तर त्याला कळणार कसं?

“हनुवटीखाली हात धर आणि शब्द सावकाश म्हण.” री-मेम-बर. हनुवटी तीनदा खाली आली. मग ‘कमळ’ म्हणायला लावलं. “अक्षरं तीन, पण हनुवटी दोनदाच!” क-मळ. मग ‘स्कूल’, एकदाच. जितक्यांदा हनुवटी खाली, तितके तुकडे. आणि प्रत्येक तुकड्यात स्वराचा आवाज हवाच. आता त्याला ‘मेम’ गाळता येईना.

मग त्याचा जुना शत्रू, ‘डिनर’. एन एक की दोन? डिन-नर असं तोडलं की पहिला तुकडा एनने बंद होतो, म्हणून ‘डि’ आखूड. दुसरा तुकडा आपला एन घेऊन येतो. एकच एन लिहिला तर डाय-नर, म्हणजे खानावळ! यावर तो खूप हसला.

“सगळ्या शब्दांना चालतं का हे?” आईने विचारलं. नाही. ‘सेड’, ‘वन’ पाठच करावे लागतात. ‘वेन्झडे’ उच्चाराप्रमाणे तोडून उपयोग नाही. हा शब्द लिहिताना मी अजूनही मनात ‘वेड-नेस-डे’ म्हणते. आईला एवढंच सांगितलं, ताई, दहा वेळा लिहून घेणं थांबवा. रोज पाचच शब्द, आधी तोंडाने तोडायचे, मग तुकड्या-तुकड्याने लिहायचे.

तीन आठवड्यांनी त्या आल्या त्या स्वतःचीच तक्रार घेऊन. व्हॉट्सॲपवर त्यांनी ‘टुमारो’ला दोन एम लावले होते. लेकाने हनुवटीला हात लावून दाखवलं म्हणे, “टु-मॉर-रो. एम एकच, आई. आर दोन.”