तो तुझ्याआधी तेथे गेला आहे

चि. मुलीस,
प्रभूच्या नावाने सलाम.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. खानापूर तालुक्यात मंडळीच्या घरभेटींचे काम हाती घेऊन तुला एक पुरता पावसाळा गेला आहे, आणि आता तू लिहितेस की आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘प्रभू तुमच्याजवळ आहे’ असे सांगताना तुझी जीभ अडखळते, कारण तुला स्वतःला तो जवळ असल्याचे काहीच जाणवत नाही. आपण खोटे बोलतो आहोत की काय, असे तू विचारतेस. हा प्रश्न पाळकसाहेबांकडे न नेता तू माझ्याकडे आणलास त्याचे कारण मी ओळखते. निवृत्त परिचारिकेपुढे माणसाला लाज कमी वाटते.

जाणवणे आणि असणे यांची गल्लत करू नकोस. युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे, असे प्रभूने शिष्यांना सांगितले. सर्व दिवस मी तुम्हाला जाणवेन, असे सांगितल्याचे मला तरी कोठे आढळलेले नाही. सभेच्या मांडवात ध्वनिक्षेपक मोठा झाला की अंगावर काटा येतो, डोळे भरून येतात, आणि त्यात काही वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण मांडव सोडल्यावर, पाऊस कोसळत असताना, चिखल तुडवत कणकुंबीच्या बाजूच्या एखाद्या वाडीवर जायचे असते तेव्हा तो काटा उपयोगी पडत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की मी जातो हे तुमच्या हिताचे आहे. माझ्या ऐन उमेदीत हे वचन मला समजूत घातल्यासारखे वाटे. मग एकदा लाजराची, म्हणजे प्रभूने मेलेल्यातून उठवलेल्या त्याच्या मित्राची, कथा पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की प्रभू देहाने एके ठिकाणी होता म्हणूनच दुसऱ्या ठिकाणी नव्हता. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावरही प्रभू होता तेथे आणखी दोन दिवस राहिला, बेथानीस पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते, आणि लाजराची बहीण मार्था हिचे पहिले वाक्य ‘आपण येथे असता तर’ या धाटणीचे होते. तो पित्याकडे गेला आणि त्याने कैवारी, म्हणजे पवित्र आत्मा, पाठवला, म्हणून आज ‘आपण येथे असता तर’ असे म्हणण्याची पाळी ना तुझ्या वाडीवर येते ना माझ्या घरी. डोळ्यांना दिसेनासे होणे हीच त्याच्या सर्वत्र असण्याची वाट होती.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुला वचनांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी मी चिकोडी तालुक्यातील एका गावी घरभेटीस गेले. घर कानडी बोलणाऱ्यांचे. नवरा गालाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेला, आणि बायको मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. मी वचन वाचले, त्यावर माझ्या मोडक्या कानडीत अर्धा तास बोलले, आणि तेवढ्या वेळात तिचे हात एकदाही थांबले नाहीत म्हणून मनातून दुखावलेही. अखेरीस मी विचारले, ‘या घरात प्रभू यावा म्हणून प्रार्थना करू का?’ तिने मान वर केली आणि म्हणाली, ‘येसप्प इल्ले अदान,’ म्हणजे येशू इथेच आहे. मग सूप बाजूला ठेवून तिने मला सांगितले की याला जरा कुशीवर धरा, मला खालचे कापड बदलायचे आहे. मी धरले, आणि त्याच्या पाठीवरची जखम मला तेव्हा दिसली. जखमा धुण्यात जिचा जन्म गेला ती मी, अर्धा तास शास्त्र उघडून त्या जखमेपासून दोन हातांवर बसले होते.

प्रभूला मी पिशवीत घालून त्या घरी नेते आहे, अशी माझी समजूत होती. रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना जो निरोप मिळाला तो मी त्याआधी किती वेळा वाचला असेल: तो तुमच्याआधी गालीलात जात आहे, तेथे तो तुमच्या दृष्टीस पडेल. बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० साली सुरू झाले आणि १९०४ साली ते मेथडिस्ट मंडळीकडे गेले. कामकरी बदलले, दप्तरे बदलली, पण त्यांतल्या प्रत्येकाला तो आधी येऊन थांबलेलाच भेटला असणार, अशी माझी श्रद्धा आहे.

प्रभू कबरेतून उठला त्याच दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवर त्याला भेटलेले दोघे शिष्य तुला ठाऊकच आहेत. यरुशलेमेपासून अंतर जेमतेम ११ किलोमीटर, आपण बेळगावहून सांबऱ्याला चालत जावे इतके. एवढी वाट तो त्यांच्याबरोबर चालला, बोलला, आणि त्यांनी त्याला ओळखले नाही. दिवस कलला म्हणून आग्रहाने घरात घेतलेला हा पाहुणा भाकर मोडून यजमान झाला तेव्हा कोठे त्यांचे डोळे उघडले, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. दिसत होता तोवर ओळख नव्हती, आणि ओळख पटली तेव्हा दिसण्याची गरज उरली नाही, कारण ते दोघे रडत बसले नाहीत, त्याच रात्री उठून यरुशलेमेस परतले. वाटेत आपले अंतःकरण आतून पेटत होते हेही त्यांना मागाहूनच उमगले. तुलाही जे कळायचे ते बहुधा परतीच्या बसमध्येच कळेल. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले नीतिमान तर न्यायाच्या दिवशीही विचारतात की आम्ही तुला भुकेला, आजारी केव्हा पाहिले; त्यांनाही सेवा करताना काही जाणवले नव्हते, आणि त्यावरून कोणी त्यांना खोटे ठरवले नाही.

एक सावधगिरी मात्र बाळग. जो दिसत नाही त्याच्या नावावर आपले मत खपवणे फार सोपे असते. ‘प्रभूने मला सांगितले’ असे म्हणून कमिटीत दुसऱ्याचे तोंड बंद करणारी माणसे तुला भेटतील. तू त्यांच्यातली होऊ नकोस. तुझे मत असेल तर ‘मला वाटते’ असेच म्हण. प्रार्थना रोज कर, कोरडी झाली तरी कर. आणि प्रभुभोजन चुकवू नकोस, त्या रविवारी मन लागो वा न लागो.

पत्राच्या शेवटी तू ज्या म्हाताऱ्या आजोबांविषयी लिहिलेस, ज्यांच्या खोलीतला वास सहन होत नाही म्हणून दोन आठवडे तिकडे फिरकली नाहीस, त्यांच्याकडे येत्या बुधवारी जा. वास पायाच्या जखमेचाच असेल असा माझा अंदाज आहे. उकळून गार केलेले पाणी, स्वच्छ कापूस आणि पट्ट्या बरोबर ने; जखम काळी पडलेली दिसली किंवा घोट्याच्या वर सूज चढली असेल तर स्वतः काही करत बसू नकोस, त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पोहोचव. साखरेचा आजार आहे का, तेही विचार. वचन वाचायचे राहिले तरी चालेल. काय दिसले ते मला सविस्तर लिही.

तुझी,
मावशी