खोकं, कार्ड, सीरियल नंबर सगळं आहे. मग रेकॉर्ड प्लेअरचं सेकंडहँड कार्ट्रिज अस्सलच ना?

नाही. तुम्ही विचारलंय की विक्रेत्याने खोक्याचे आणि चाचणीच्या आलेखाच्या कार्डाचे फोटो दिलेत, तेवढ्यावर महागडं एमसी (मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईसोबत कॉइल हलते ते) कार्ट्रिज निम्म्या किमतीत घ्यावं का. रिकामी खोकी आणि कार्डं वेगळी विकत मिळतात, त्यामुळे "फुल सेट आहे" हा पुरावा मी तरी धरत नाही. कार्डावरचा नंबर आणि कार्ट्रिजवरचा नंबर एकच असला, तरी आतली सुई कोणाची हे त्यातून कळत नाही. आणि घोळ बहुतेक तिथेच असतो.

आधी कॉइलचा रोध ओहममध्ये मोजा. उदाहरणार्थ, डेनॉनची डीएल-103 आणि 103आर ही एमसी कार्ट्रिजं दिसायला जवळजवळ सारखी, वजन दोन्हींचं 8.5 ग्रॅम, म्हणजे तराजू इथे कुचकामी. पण 103 ची कॉइल 40 ओहमची आणि 103आर ची 14 ची. "आर" म्हणून विकलेल्यावर 40 आले तर पुढे बोलायचं कारण नाही. दोन्ही चॅनल एकमेकांच्या जवळ हवेत. एक उघडा (ओपन सर्किट) दाखवत असेल तर कॉइल तुटली. ऑर्टोफोन एसपीयू या एमसी कार्ट्रिजसारखं 2 ओहमचं काही असेल तर आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा, नाहीतर वायरींचाच रोध मोजून बसाल. काट्याचा जुना मीटर अजिबात लावू नका: त्याची सर्वांत खालची रेंज केसाएवढ्या तारेतून दहादहा मिलिअँपिअर सोडते. डिजिटल 200 ओहमच्या रेंजवर, क्षणभर टेकवून लगेच काढायचा.

मग भिंग, निदान 40 पट. कँटिलिव्हर म्हणजे टोकाला सुई असलेली काडी. बोरॉनचा कँटिलिव्हर काळपट राखाडी बारीक काडी असतो, रूबीचा लालसर पारदर्शक, ॲल्युमिनियमचा चंदेरी नळी. कंपनीच्या माहितीपत्रकात बोरॉन आणि समोर चंदेरी नळी, याचा अर्थ कोणीतरी मधे हात घातलाय. मध्यावर गोंदाचं कडं किंवा बाही दिसली तर जुना कँटिलिव्हर कापून नवा तुकडा जोडलाय. हलणारं वजन बदललं की उंच स्वरांतला रेझोनन्स (नैसर्गिक कंपन) ही सरकतो. हिरा समोरून आणि बाजूने पाहा: जिथे साधी गोल सुई हवी तिथे धारदार कडा दिसल्या तर ते रीटिप आहे, म्हणजे हिरा नंतर बदललाय. रीटिप म्हणजे नकली नव्हे, चांगलं रीटिप ऐकायला उत्तमही असतं. पण ते लपवून मूळ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक, आणि "आवाज छान आहे ना, मग काय फरक पडतो" हा युक्तिवाद मला पटत नाही. आवाजावरून अस्सलपणा ठरत नाही. लोड (ॲम्प्लिफायरच्या इनपुटचा रोध) 100 वरून 1000 ओहमवर नेलं किंवा टोनआर्मची उंची थोडी हलवली की तेच कार्ट्रिज वेगळं वाटतं.

आउटपुट मोजणार असाल तर चाचणी रेकॉर्डवरचा खाचेचा वेग (सुई हलण्याचा, तबकडी फिरण्याचा नव्हे) बघा. 103 चे 0.3 मिलिव्होल्ट 5 सेंटिमीटर प्रति सेकंदाला आहेत; 3.54 च्या पट्टीवर साधारण 0.21 येतील. त्यावरून बिचाऱ्या अस्सल नगाला "डुप्लिकेट" म्हणू नका.

एमएममध्ये (मूव्हिंग मॅग्नेट, जिथे सुई काढून बदलता येते) हे सोपं आहे, बॉडी आणि सुई वेगळ्या धरून दोघींची किंमत करा. शुअरने 2018 मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, म्हणून त्यांच्या व्ही-15 कार्ट्रिजसोबत "नवी" सुई दिसली की ती कोणाची हा पहिला प्रश्न.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. 103 चा कँटिलिव्हर मुळातच दोन नळ्यांचा, त्यावरचा टप्पा म्हणजे जोड नव्हे. आणि वर सगळं जुळलं तरी सस्पेन्शनचं (कँटिलिव्हरला पेलणारं) रबर कडक झालेलं असू शकतं: सुईवर योग्य भार ठेवल्यावर बॉडीचं पोट रेकॉर्डला टेकतंय का, कँटिलिव्हर तिरका बसलाय का, तेही बघा. लोखंडी गाभ्याच्या कॉइलवर काही जण गाभा चुंबकित होईल म्हणून डिजिटल मीटरही लावत नाहीत. तुम्हाला मूळ मालकाचं मन वळवता येत असेल तर तोच मोजून पाठवू दे.

निम्मी किंमत योग्य का? ते कंपनी काय म्हणते त्यावर. अनेक एमसी कंपन्या सुई बदलत नाहीत, जुनं घेऊन सवलतीत पूर्ण नवं देतात, आणि बाहेर उघडलेलं कार्ट्रिज नाकारू शकतात. पैसे देण्याआधी त्यांना विचारा. विक्रेत्याकडून सुईचे समोरून व बाजूने फोटो आणि दोन्ही चॅनलचे ओहम मागा. टाळाटाळ केली तर दुसरं शोधा.