शाळा, पावसाळा आणि पाळी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नववीत आहे, घणसोलीहून ठाण्याला शाळेत येते. सकाळी सहाला लावलेला पॅड क्लास करून तीनला घरी पोचल्यावरच बदलते. शाळेचं बाथरूम घाण असतं म्हणून पाणीही पीत नाही. पॅड पूर्ण भरत नाही, मग चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. पॅड भरो वा न भरो, चार ते सहा तासांनी बदलायचाच. रक्त आणि घामाने त्वचा ओली राहते, मांड्या सोलवटतात आणि तिथेच बुरशी धरते. मधल्या सुट्टीत एकदा बदल. जास्त जातं त्या दिवशी क्लासला निघण्याआधी आणखी एकदा. दप्तरात कापडी पिशवीत दोन पॅड, एक निकर, वर्तमानपत्राचे तुकडे आणि साबणाची वडी ठेव. हात आधीही धू, नंतरही. खालची जागा धुताना पुढून मागे धू, म्हणजे शौचाच्या जागेचे जंतू पुढे येत नाहीत. पाणी मात्र पीत राहा. लघवी तासन्‌तास रोखली की मूत्राशयात जंतू वाढतात आणि जळजळ सुरू होते. पाणी, दाराला कडी आणि झाकणाचा डबा देणं हे शाळेचं काम आहे. आईला पालकसभेत या तीन गोष्टी नाव घेऊन मागायला सांग.

प्रश्न : आम्ही कळव्याला चाळीत राहतो. लेक सुती कापड वापरते, पण लाजेने ते ओढणीखाली वाळत घालते. पावसाळ्यात तिला दरवेळी खाज सुटते.

उत्तर : कापड वाईट नाही, दमट कापड वाईट. वरून ओढणी टाकली की वारा लागत नाही, आणि हाताला कोरडं लागलेलं कापड आतल्या घडीत ओलंच असतं. म्हणून जाड शिवलेल्या घड्या नकोत. उलगडून एकपदरी वाळेल असं जुनं सुती कापड घ्या. सिंथेटिक साडीचं नको, ते शोषत नाही. आधी थंड पाण्यात भिजवा, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण लावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा; राहिलेल्या साबणानेही खाज येते. ऊन असेल तर उन्हातच घाला. पावसात पंख्याखाली एकपदरी पसरा, मग दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा, वाफ निघायची थांबेपर्यंत. वाळायला दोन-दोन दिवस लागतात, तेव्हा आठ-दहा कापडं हवीतच. तेवढी वाळत नसतील तर ते दिवस सरळ पॅड वापरू द्या. ठेवायला प्लॅस्टिक नको, सुती पिशवी घ्या. दोरीवर बाकी कपड्यांशेजारी ही कापडं उघडी वाळली तर बिघडलं काय? तुम्हीच पहिल्यांदा घाला, लेकीची भीड मोडेल. खाज थांबली नाही किंवा दह्यासारखं पांढरं जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून मलम आणून लावू नका.

प्रश्न : वापरलेला पॅड धुऊन टाकायचा का? माझी मुलगी फ्लश करते.

उत्तर : दोन्ही नको. आतली जेल पाण्याने फुगते आणि पाइप तुंबवते. धुतानाही तीच मोरीत जाते. गुंडाळून कागदात बांधा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्या. सफाई कामगाराच्या हाताला उघडा पॅड लागता कामा नये.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची. पाळी कधी तीस, कधी चाळीस दिवसांनी येते. काळजीचं आहे का?

उत्तर : सुरुवातीची दोन-तीन वर्षं 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं, कारण दर महिन्याला बीज तयार होतंच असं नाही. काळजी करायची ती तीन महिने पाळी आली नाही, सात दिवसांपेक्षा जास्त चालली किंवा एक-दोन तासांत पॅड भिजू लागला तर. दुखण्याने दर महिन्याला शाळा बुडत असेल तरीही दाखवाच. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात स्त्रीरोग ओपीडी आहे. तिथे हिमोग्लोबिन तपासून घ्या. 12 च्या खाली असेल तर तो ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी असणं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, वर लगेच चहा नको. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका.