सिरॅमिकची कॅप जुनी झाली की रंग बदलते का?

तुमच्या समोरच्या दाताची सिरॅमिक कॅप काही वर्षांत बाजूच्या दातांपेक्षा वेगळी दिसायला लागली, तर माल हलका होता का, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात डेंटल लॅबमध्ये कॅप बनवतो. ही तक्रार डॉक्टरांकडून फिरून शेवटी आमच्याच टेबलावर येते. माल हलका असेलच असं नाही. भट्टीत भाजलेलं सिरॅमिक आतून सहसा रंग सोडत नाही, धरतही नाही. बदलतं ते त्याच्या वरचं, खालचं नाहीतर शेजारचं.

वरचं म्हणजे ग्लेझ. दाताच्या मानेजवळचा, म्हणजे हिरडीलगतचा पिवळेपणा, कडेची निळसर झाक हे रंग बऱ्याचदा आम्ही शेवटी ब्रशने वरून देतो आणि त्यावर काचेचा अगदी पातळ थर भाजतो. बसवताना चावा जुळवायला डॉक्टरांनी बर (घासायचं फिरतं टोक) फिरवला आणि पॉलिश राहून गेलं, की तेवढ्या जागेचं ग्लेझ गेलंच. कॅप कोरडी करून तिरक्या उजेडात बघा, चकाकीच्या मधोमध एक मंद ठिपका दिसेल. चहा आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा आधी तिथेच बसतो. (खर्रा सोडा म्हणून नागपुरात कोणाला सांगता!) हा डाग वरवरचा असतो, क्लीनिंग आणि सिरॅमिकच्या पॉलिशिंग रबरने बहुतेक वेळा निघतो. फक्त क्लीनिंगच्या आधी हा दात कॅपचा आहे हे सांगा, नाहीतर स्केलरचे (दात खरवडायच्या हत्याराचे) ओरखडे पडतात. फ्लोराइड जेल लावणार असतील तर न्यूट्रल मागा, आम्लवालं जेल ग्लेझ खातं.

खालचं म्हणजे कॅप दाताला चिकटवणारं सिमेंट. पातळ व्हेनीरमधून (दाताच्या फक्त पुढच्या बाजूला चिकटवलेल्या सिरॅमिकच्या पापुद्र्यातून) ते आरपार दिसतं, आणि काही ड्युअल-क्युअर (प्रकाशाने आणि रसायनाने अशी दोन्हींनी घट्ट होणारी) रेझिन सिमेंटं वर्षांनी पिवळसर होतात. तिथे पॉलिशचा उपयोग नाही. जाड झिरकोनियात (कमी पारदर्शक, मजबूत सिरॅमिकमध्ये) हा प्रश्न जवळपास येत नाही. मेटल-सिरॅमिक कॅप असेल आणि हिरडीपाशी काळी रेघ दिसत असेल, तर हिरडी मागे सरकून आतला धातू उघडा पडलाय.

प्रयोगशाळेत हे साहित्य ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून बुडवून म्हातारं करतात; १०,००० फेऱ्या म्हणजे तोंडातलं साधारण एक वर्ष असं धरतात. आपलं उन्हाळ्यातलं बर्फाचं पाणी आणि वरून कडक चहा, तोच प्रकार. अशा चाचण्यांत रेझिन मिसळलेले हायब्रिड ब्लॉक सहसा लिथियम डायसिलिकेटपेक्षा (काचेसारख्या सिरॅमिकपेक्षा) जास्त रंग धरतात. म्हणून तुमची कॅप कशाची आहे, ते बिलावर किंवा वॉरंटी कार्डवर बघा.

आता शेजारचं. वयाने दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं पांढरं आवरण झिजतं, आतलं पिवळं डेंटिन जाड होतं. कॅप मात्र होती तिथेच राहते. त्याच कार्डवर शेड, म्हणजे रंगछटेचा नंबर लिहिलेला असेल, समजा ए-टू. डॉक्टरांना शेड गाइडची (दातांच्या रंगांच्या नमुना-पट्ट्यांच्या संचातली) तीच पट्टी दिवसाच्या उजेडात कॅपशेजारी धरायला सांगा. ती कॅपशी जुळली तर कॅपला हात लावू नका, बाजूच्या दातांचं ब्लीचिंग करता येईल का ते विचारा. ब्लीचिंगने कॅपचा रंग बदलत नाही, त्यामुळे दात तिच्या शेडला पोचले की थांबायचं.