रस्ता कसा बांधलाय यावर पायी चालणाऱ्याचा मूड खरंच बदलतो का?

बदलतो, आणि हे फक्त मोठ्या शहरांपुरतं नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो, इथं फुटपाथ नाही पण पायी चालणारे भरपूर, म्हणून लिहितोय.

कॉलिन एलार्ड नावाच्या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञानं २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांना हाताला सेन्सर बांधून पायी फिरवलं होतं, त्वचेवरच्या घामावरून मन किती जागं आहे ते त्यात कळतं. एका मोठ्या सुपरमार्केटच्या लांबलचक सपाट भिंतीजवळ लोक अगदी मरगळलेले, अन तेच थोडं पुढं छोटी हॉटेलं, दुकानं आली की तरतरीत. डेन्मार्कचे आर्किटेक्ट यान गेल यांचं म्हणणं असं की माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर चालतो, तेवढ्या वेगात दर चार-पाच सेकंदाला डोळ्याला काहीतरी नवीन दिसलं पाहिजे. मोटारसायकलवाल्याची भिंत चुटकीसरशी मागं पडते हो, पायी जाणाऱ्याला तीच भिंत संपता संपत नाही.

आमच्या स्टँडकडून बाजाराकडे जाणारा रस्ता रुंद झाला, सिमेंटचा झाला, मधात डिव्हायडर आला, पण दोन्हीकडचे जुने निंब गेले, पानठेला गेला, ओट्यावर मशीन टाकून बसणारा शिंपी गेला, अन एका बाजूनं आता नुसती उंच कंपाउंडची भिंत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेल्या बाया थैल्या घेऊन भिंतीला खेटून चालतात, कारण वीतभर सावली तेवढीच. कोणी कोणाशी बोलत नाही, सगळ्यांना फक्त ते अंतर संपवायचं असतं. आणि कित्येक जणी तर लांब पडली तरी आतल्या गल्लीनंच जातात, तिथं घरांची दारं उघडी असतात, ओटे आहेत, कोणीतरी म्हणतंच, "बसा मावशी, पाणी प्या." चालणं जास्त पण थकवा कमी, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

वाहनांचंही तसंच. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तीन रस्त्यांचा अभ्यास केला, कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावर राहणारे सरासरी ३ मित्र, जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकही धड नाही. आमच्या नव्या रस्त्यालगतच्या घरांचे ओटे संध्याकाळी रिकामे असतात त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

मला राग रुंदीकरणाचा नाही येत, ॲम्ब्युलन्सला रस्ता लागतोच. पण नकाशा काढताना एकानंही तो रस्ता दुपारी दोनला पायी चालून पाहिला नसेल याचं फार वाईट वाटतं. तुमच्याकडे असं काम निघणार असेल तर टेंडरच्या आधीच नगरपंचायतीत जा आणि विचारा की जुनी झाडं कोणती वाचवताय, भिंतीच्या कडेनं बसायला कठडा काढता येईल का, आणि ठेलेवाल्यांना जागा कुठं देताय. काँक्रीट पडल्यावर कोणी ऐकत नाही.